आत्याचं माहेर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. समीरलाही नाही — आणि समीर माझा नवरा आहे, त्याच्याही आधी माझा आतेभाऊ. बघा, किती सहज लिहून गेले! हेच वाक्य वॉटरफोर्डमध्ये एकाही माणसासमोर माझ्या तोंडून निघालं नाही. पण नुसतं न सांगणं असतं तर एवढं काय होतं? घरातल्या सगळ्याच गोष्टी आपण चारचौघांत सांगतो का? मी न सांगण्यावर थांबले नाही, हीच तर गोष्ट आहे.

जरा मागून सुरुवात करते.

माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबा पुण्याला, नोकरीत बुडालेले. शाळेला सुट्टी लागली की आत्या कराडहून यायची आणि मला घेऊन जायची. उवांनी भरलेलं डोकं घेऊन गेलेली मी जूनमध्ये दोन घट्ट वेण्या घालून परत यायचे. पुढे तिच्याच घरात सून म्हणून गेले. कुणाची जबरदस्ती नव्हती. समीर मला आवडायचा, आणि खरं सांगू — आत्या त्याच्याहून थोडी जास्तच. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले, आणि नवरीमुलगी खुदूखुदू हसतेय! रडू कशाला? आत्याकडेच तर चालले होते.

दोन हजार चौदा साली समीरला आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. मी इंजिनियर, पण माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. आमची मुलगी तन्वी शाळेत गेली की मी खिडकीत. अशा मला शेजारच्या नोरानं एक दिवस चहाला बोलावलं. नोरा म्हणजे सत्तरीची, एकटी राहणारी, निवृत्त शिक्षिका. तिच्या जेवणाच्या टेबलावर वॉलपेपरची गुंडाळी उलटी करून पसरलेली, आणि तिच्यावर पेन्सिलीनं काढलेला भलामोठा वंशवृक्ष.

फार पूर्वी वॉटरफोर्डहून दोन कुटुंबं एकाच जहाजानं अमेरिकेला गेली होती — पॉवर आणि फेलन. पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यात त्यांनी शेजारीशेजारी जमिनी घेतल्या. आसपास तिसरं घर नाही. मग चार पिढ्या पॉवरांच्या मुली फेलनांकडे आणि फेलनांच्या पॉवरांकडे. नोरा होती फेलनांपैकी. तिकडच्या एका लांबच्या भावासाठी ती हे सगळं जुळवत बसली होती. पण दर पिढीत तोच जॉन आणि तीच मेरी! नोराच्या रेघा एकमेकींत अडकून बसलेल्या.

मी बघितलं आणि मला ते सगळं घरच्यासारखं दिसलं. ही मेरी म्हणजे त्या मेरीची भाची, तिला आत्याच्या घरात दिलेली. इकडचे बहीण-भाऊ आणि तिकडचे भाऊ-बहीण, म्हणजे सरळसरळ साटंलोटं. मी पेन्सिल घेतली आणि चहा निवायच्या आत दोन पिढ्या सोडवून दिल्या. नोरा बघतच राहिली. “हाउ डू यू सी इट, लव्ह?” असं तिनं विचारलं, तेव्हा मी काय म्हणावं? “कॉम्प्युटरवाल्यांचं डोकं असंच चालतं.”

तेव्हापासून आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी मी तिच्याकडे. त्या सकाळींनी मला त्या गावात उभं केलं, हे मी कधी विसरणार नाही. कपाटाला ‘प्रेस’ म्हणायचं, कुणी ‘कशी आहेस’ विचारलं की ‘ग्रँड’ म्हणायचं, हे सगळं तिच्याच टेबलावर शिकले. पण एकदा अशाच एका लग्नावर बोट ठेवून ती म्हणाली, “कझिन्स अगेन! गॉड हेल्प देअर चिल्ड्रन.” आणि हसली. मीसुद्धा हसले. तिच्याहून मोठ्यानं हसले. डोळ्यांसमोर तन्वी होती — ही उद्या माझ्या पोरीकडे कशी बघेल, समीरच्या हॉस्पिटलात काय बोलतील — आणि मी हसत होते.

दोन वर्षांनी आत्या आमच्याकडे उन्हाळ्यात राहायला आली. मी तिला नोराकडे नेलं. दोघींची भाषा एक नाही, पण परसातल्या मटारच्या शेंगा मध्ये ठेवून दोघी सोलायला बसल्या आणि गट्टी जमली. नोराला वाटलं, इतक्या सगळ्या सकाळी या मुलीनं आपल्यासाठी खर्ची घातल्या, आपणही तिचा वंशवृक्ष काढून द्यावा. तिनं नवा कागद घेतला. एका बाजूला माझे बाबा लिहिले, निकम. दुसऱ्या बाजूला समीर, त्याच्यावर आत्या, जाधव. मग आत्याकडे बघून हसत तिनं मला विचारलं, लग्नाआधी यांचं घराणं कुठलं?

‘निकम’ म्हटलं असतं तर तिला दुसरा प्रश्न विचारावाच लागला नसता. माझ्यासोबत दोन वर्षं तिनं तसल्याच रेघा जोडल्या होत्या. सगळं एका शब्दाशी येऊन थांबलं होतं. कळतंय ना तुम्हाला?

मी म्हणाले, “पाटील.”

आत्याला इंग्लिश येत नाही. पण नोरा आपल्याविषयी विचारतेय हे तिला समजलं होतं, आणि पाटील हे काही इंग्लिश नाही. शेंगेतला तिचा अंगठा थांबला. मी मान वर केली नाही. मग पुन्हा मटार वाडग्यात पडायला लागले. तिच्या वडिलांचं नाव, तिच्या भावाचं, मला वेण्या घालून परत जिथे पाठवायची ते घर — सगळं मी तिच्या देखत पुसून टाकलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी दरडावलं म्हणून नाही. फक्त लाज वाटली म्हणून.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, “पाटील बी काय वाईट न्हाईत गं.” आणि रात्री माझ्या आवडीची मटारची उसळ केली.

निघायच्या आधी नोरानं तो वंशवृक्ष सुंदर अक्षरात उतरवून, काचेच्या फ्रेममध्ये घालून आत्याच्या हातात ठेवला. ‘ही तुम्ही’ म्हणून बोटानं दाखवलं. आत्यानं साडीत गुंडाळून तो कराडपर्यंत मांडीवर नेला.

पुढच्या वर्षी एकदा चहा ओतता ओतता नोरा सहज म्हणाली, की तिचे आजी-आजोबाही सख्खी मावसभावंडं होती, बिशपची परवानगी काढून लग्न केलेलं. “लुक ॲट मी, आय टर्न्ड आउट ग्रँड!” म्हणजे इतके दिवस ती स्वतःलाच हसत होती! दार सताड उघडं होतं. मला फक्त म्हणायचं होतं — नोरा, मीही त्यातलीच. मी म्हणाले, “साखर कुठाय?” भीतीचं कारण संपलं, तरी माझं तोंड उघडलं नाही. तेव्हा ती भीती होती, असंही आता मी म्हणू शकत नाही.

या दोन बायकांनी मला किती दिलं! एकीनं लहानपण सावरलं, दुसरीनं परकं गाव माझं केलं. मनात त्यांचे आभार मानल्याशिवाय माझा दिवस जात नाही. आणि मी दोघींशीही खोटं वागले.

दोन हजार अठराच्या दिवाळीला आम्ही कराडला होतो. भाऊबीजेला बाबा पुण्याहून आले, पाटावर बसले. समोरच्या भिंतीवर ती फ्रेम. बाबांना इंग्लिश उत्तम येतं.

“आपण पाटील कधी झालो गं?” ते मला हसत म्हणाले. “तुझ्या त्या बाईला सांग, नाव चुकलंय. मी मागच्याच दिवाळीत दुरुस्त करणार होतो, ही हात लावू देईना. म्हणे परक्या बाईनं एवढ्या मायेनं केलंय, तिची चूक काय काढायची.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. कुंकवाचं बोट बाबांच्या कपाळाशी नेत ती म्हणाली, “मान हलवू नगंस दादा, टिळा वाकडा हुतोय.”

आणि मी म्हणाले, “हो बाबा, सांगते तिला.”

फोनवर ते अजूनही मधूनच विचारतात, सांगितलंस का त्या बाईला? नोराची काही चूक नव्हती. तिनं विचारलं होतं, आणि आत्या समोर बसून मटार सोलत असताना ते नाव मी सांगितलं होतं.