तीर्थपुरीचं सहा सिलिंडरचं इंजिन

नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत मी डिस्पॅच बघते. मे महिना लागला की आमच्या गोदामाबाहेर ट्रकांची रांग लागते आणि माझा निम्मा दिवस गेटवर जातो. गेटसमोर एक चहाची टपरी आहे. ट्रकच्या इंजिनांवरचे वाद मी पहिल्यांदा ऐकले ते तिथेच.

वाद घालणारे दोघं. एक चाचा. जुन्या जालन्यात राहणारे, सगळी उमर ट्रक चालवण्यात गेलेली. आता गाडी सुटली आहे, पण पुतण्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस टपरीच्या शेजारीच असल्यामुळे रोज संध्याकाळी तिथे येऊन बसतात. दुसरे केदारखेड्याचे काका. ते आमच्याकडे बीजोत्पादनाचे प्लॉट घेतात, त्यामुळे हंगामात त्यांची चक्कर ठरलेली. एकेकाळी त्यांचे स्वतःचे दोन ट्रक होते. ते विकले, पण नाद गेला नाही. ट्रक कंपनीनं बंद केलेल्या गाड्या कोणत्या, त्यांचं कोणतं मॉडेल कोणत्या मॉडेलच्या जागी आलं, हे त्यांना नातेवाइकांच्या लग्नांसारखं पाठ. शेतातल्या शेडमध्ये त्यांनी जुन्या गाड्यांच्या पुढच्या जाळ्या, दिवे, स्टिअरिंग असं बरंच काही जमवून ठेवलं आहे.

मला सुरुवातीला त्यातलं काही कळत नव्हतं. पण दोन म्हातारी माणसं एखाद्या गोष्टीवर इतका जीव तोडून भांडत असली की ती गोष्ट काय आहे हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. एकदा मी विचारलं, "काका, हे टर्बो टर्बो म्हणजे काय?"

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "ताई, इंजिनातून जो धूर निघतो ना, त्याला जोर असतो. तो जोर एरवी फुकट जातो. त्या धुराच्या वाटंत एक चक्री बसवायची. धूर चक्री फिरवतो, आन् त्याच दांड्यावर दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा इंजिनात कोंबते. जास्ती हवा म्हंजे डिझेल बराबर जळतं. तेवढ्याच इंजिनात जास्ती ताकद."

"दिसतं कसं?"

"गोगलगाईसारखं," चाचा म्हणाले. "इतकुसं असतं. पण चढावर कळतं, काय चीज हाय ते."

मूळ भांडण चाचांच्या एका जुन्या गाडीवरून होतं. पुढे लांब नाक असलेला, सहा सिलिंडरचा ट्रक. तीर्थपुरीच्या एका शेठचा. चाचांनी तो बरीच वर्षं चालवला. त्यांचं म्हणणं, त्या गाडीत कंपनीतूनच टर्बोवालं इंजिन आलं होतं. कन्नडच्या घाटात बाकीच्या गाड्या रांगत असायच्या, तेव्हा ते शेजारून निघून जायचे.

"चाचा, तुम्ही घाट चढले असतान, मी न्हाई कुठं म्हणून राह्यलो," काका म्हणायचे. "पण नाकाच्या त्या गाडीत टर्बो आलाच न्हाई. टर्बोवालं सहा सिलिंडर निघालं तवा ती गाडी बंद झाल्ती."

"मंग मी काय चालवलं इतकी वर्षं?"

"ते मला काय म्हाईत."

आमच्या ऑफिसातला अकाउंटंटही यात असायचा. तिशीतला आहे, दिवसभर आकडे आणि संध्याकाळी मोबाइलवर ट्रकचे व्हिडिओ. त्यानं इंटरनेटवर शोधून काकांच्या बाजूनं कौल दिला. चाचा म्हणाले, "त्या मोबाइलनं घाट चढलाय का कधी?" आणि उठून गेले. त्यानंतर ते टपरीवर आले नाहीत. पुतण्याच्या ऑफिसातच बसून राहायचे. काकाही चहा घेताना त्या दाराकडे बघायचे, पण जायचे नाहीत.

मला चैन पडेना. माणूस खोटं बोलत नाही आणि मॉडेलही खोटं बोलत नाही, मग हे दोन्ही खरं कसं असेल? मी चाचांकडे गेले आणि विचारलं, "ती गाडी आता कुठं असेल?"

"गाडी तर तोडली, बेटा. पण इंजिन शेठनी तोडू दिलं न्हाई. तीर्थपुरीला त्यांची डाळ मिल हाय. तिथं जनरेटरला जोडलं म्हणून ऐकलं होतं. शेठ वारले, तवा मी गेल्तो मातीला. त्यानंतर न्हाई गेलो."

"मग बघून येऊ ना आपण."

त्यांनी टपरीकडे बघितलं. मग म्हणाले, "काकान्ला पण बोलव."

पुढच्या रविवारी आम्ही चौघं अकाउंटंटच्या गाडीनं निघालो. चाचा पुढे बसले, काका मागे माझ्या शेजारी. अंबडपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. अंबडच्या पुढे रस्त्यात एक जुना ट्रक उसाच्या मोळ्या लादून समोरून गेला, तेव्हा काका आपोआप म्हणाले, "हे मॉडेल पण बंद झालं." चाचा मागे न वळता म्हणाले, "याचा गिअर कडक होता." तिथून बोलणं सुरू झालं ते तीर्थपुरी येईपर्यंत.

मिल बाजारापासून थोडी आत होती. शेठच्या पत्नी, सत्तरीच्या आसपासच्या बाई, ओट्यावर तुरीची रास बघत उभ्या होत्या. चाचांना त्यांनी लगेच ओळखलं. "भाई, किती वाळले तुम्ही," त्या म्हणाल्या. चाचा म्हणाले, "भाभी, एक भांडण घेऊन आलोय तुमच्या दारात." मग त्यांना सगळं सांगितलं.  त्यांनी आपल्या मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, "यांना इंजिन दाखव."

मुलगी माझ्याच वयाची. मिल आता तीच चालवते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते इंजिन लोखंडी चौकटीवर बसवलेलं होतं, लांबलचक, एका ओळीत सहा सिलिंडर, काळं, तेलकट, पण पुसलेलं. आणि एका बाजूला, धुराच्या पाइपाला लागून, खरंच ती गोगलगाय. मला हसू आलं. इतके दिवस जिच्याबद्दल ऐकत होते ती समोर होती.

"मंग हे काय?" चाचा काकांना म्हणाले.

 काकांनी धोतर आवरलं, खाली पोतं टाकलं आणि इंजिनाखाली सरकले. अकाउंटंटनं मोबाइलचा उजेड धरला. मी शेजारी उकिडवी बसले, मला ते काय बघतात ते बघायचं होतं.

"ताई, इकडं बघा," काका हळू आवाजात म्हणाले. "टर्बोला तेल लागतं, आन् ते तेल परत खाली यावं लागतं. कंपनीनं टर्बो दिला असता तर तेल परत यायची वाट इंजिनाच्या अंगातच ओतलेली असती. हितं बघा. चेंबरला भोक पाडून नळी वेल्ड केलेली हाय." इंजिनाच्या खाली तेल साठवायचं जे भांडं असतं त्याला ते चेंबर म्हणत होते. त्यावर खरंच वेल्डिंगची बारीक उंचवट्याची रेघ होती.

काका बाहेर आले. मला वाटलं, आता ते म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हतो. ते हात पुसत राहिले आणि चाचांना म्हणाले, "काम लई सफाईचं हाय. कुणी केलंय, त्यानं जीव लावून केलंय."

चाचांनी स्वतः वाकून ती रेघ बोटानं चाचपली. पुन्हा चाचपली. "शेठ मला म्हणले होते, कंपनीतून नवीन इंजिन आणलं," ते म्हणाले. "शेठ खोटं कशाला बोलतील?"

हे ऐकून मी ओट्यावर परत गेले. बाईंनी चहा ठेवला होता. मी त्यांना विचारलं, "काकू, टर्बो नंतर बसवला होता ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "मीच बसवायला लावला."

मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही त्यांच्यासमोर सांगा. त्यांनी चहाचा ट्रे उचलला आणि शेडमध्ये आल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या बाळंतपणाला त्या जळगावकडे माहेरी गेल्या होत्या. परत आणायला शेठ स्वतःचा ट्रक घेऊन आले. नवा ट्रक होता, बायकोला आणि लेकीला त्यातूनच घरी न्यायचं ही त्यांची हौस. गाडीत केळी भरलेली. चालवायला चाचा. चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट लागला आणि गाडी दमली. दर वळणावर ती थांबायची, मागे सरकायची, आणि क्लीनर लाकडाचा ठोकळा घेऊन मागच्या चाकाशी पळायचा. ठोकळा बसेपर्यंत गाडी मागे येत राहायची. बाजूला दरी.

"मांडीवर लेक होती," त्या म्हणाल्या. "मी पदरानं तिचं तोंड झाकलं. म्हटलं, तिला तरी दिसायला नको. घरी आल्यावर यांना म्हणाले, गाडीला काय करायचं ते करा, न्हाईतर या गाडीत मी परत पाय ठेवणार न्हाई आन् ड्रायव्हरलाही ठेवू देणार न्हाई. त्याच्या घरी पण माणसं असतील."

शेठनी हैदराबादला कुणाला तरी विचारलं. तिथे एका मोडलेल्या मोठ्या गाडीचा टर्बो मिळाला, तो इकडे आणून बसवला. चाचा तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी परभणीला गेले होते.

"मंग मला सांगितलं का न्हाई?" चाचांनी विचारलं.

"भाई, तुम्ही सगळ्यांना सांगत असायचे, एकदा उघडून काम केलेल्या इंजिनाचा भरवसा न्हाई. आधीच्या मालकाची गाडी तुम्ही त्याच्यासाठीच सोडली होती. हे म्हणले, खरं सांगितलं तर हा माणूस जाईल. म्हणून कंपनीचं म्हणून सांगितलं. नंतर सांगायचं राहूनच गेलं."

चाचा इंजिनाच्या चौकटीवर टेकले.  बाहेर तुरीची पोती ओढल्याचा आवाज येत होता.

"भाभी," ते म्हणाले, "त्या घाटात तुम्ही एक शब्द बोलल्या न्हाई. मला वाटलं, तुम्हाला काही कळलंच न्हाई."

"तुमचं लक्ष रस्त्यावर होतं. मी बोलून काय करणार होते?"

" ब्रेकवरचा पाय काढावा का न्हाई, कळत नव्हतं. अल्लाचं नाव घेऊन राह्यल्तो." मग त्यांनी जे सांगितलं ते बाईंनाही माहीत नव्हतं. "परभणीला मी लग्नाला गेल्तो खरं, पण परत यायचं न्हाई असं ठरवून गेल्तो. मालकाची बायको-लेक गाडीत, आन् गाडी मागं चालली, असलं काम मला नको होतं. शेठना सांगायचं म्हणून आल्तो, तर त्यांनी चावी हातात दिली. म्हणले, नवीन इंजिन हाय, एकदा घाट चढून बघ. चढलो. मंग न्हाई गेलो."

 बाईंच्या मुलीनं विचारलं, "आई, मांडीवर मीच होते का?" त्या म्हणाल्या, "मग दुसरं कोण?" मुलगी चाचांकडे बघू लागली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिनंच इंजिन चालू करून दाखवलं. आधी खोल गुरगुर, मग तिनं वेग वाढवला तशी त्या गुरगुरीवर एक बारीक, चढत जाणारी शिट्टी आली. अकाउंटंट मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागला आणि मधेच त्यानं मोबाइल खिशात घातला. काका डोळे मिटून उभे होते. मी टर्बोजवळ हात नेला, तर मुलगी म्हणाली, "हात लावू नका, भाजेल." तरी त्याची ऊब मला लांबून लागली. धुराचा फुकट जाणारा जोर, असं काका म्हणाले होते. तो असा असतो, हे मला तेव्हा समजलं.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. वरण, भाकरी, ठेचा. जेवताना बाई आणि चाचा शेठबद्दलच बोलत होते, काका मधे मधे विचारत होते की टर्बो कोणत्या गाडीचा होता. ते कुणालाच माहीत नव्हतं.

परतताना काका पुढे बसले आणि चाचा मागे, माझ्या शेजारी. वाद पुन्हा सुरू झाला. आता प्रश्न असा होता की या गाडीला कोणतं मॉडेल म्हणायचं. अकाउंटंट म्हणाला, कंपनीच्या हिशेबानं ते मॉडेल टर्बोशिवायचंच. काका म्हणाले, "कंपनीच्या हिशेबानं असली गाडी निघालीच न्हाई. म्हंजे ती बंद पण न्हाई झाली." चाचा यावर हसले, पण त्यांना हे पटलं नव्हतं. त्यांच्या मते मॉडेल एकच होतं आणि ते शेठचं होतं. घनसावंगी फाट्यापासून जालन्याच्या अलीकडे येईपर्यंत यावरून तिघं एकमेकांना सोडत नव्हते, आणि मी खिडकीतून कापसाच्या मोकळ्या रानांकडे बघत ऐकत होते.

सोमवारी सकाळी गेटवर एक नवा कोरा ट्रक बियाण्याची पोती भरायला लागला होता. ड्रायव्हर पंजाबचा, तरुण, पगडी बांधलेला. मी त्याला म्हटलं, कॅबिन उचलून इंजिन दाखवाल का? तो गोंधळला. "मॅडम, कोई प्रॉब्लेम है?"

मी म्हटलं, नाही, बघायचंय फक्त. त्यानं हसत कॅबिन पुढे कलवली. मी पोत्यांच्या चिठ्ठ्या बगलेत धरून वाकले आणि तारा, नळ्या, पेट्या यांच्या गर्दीत टर्बो शोधू लागले. सापडायला वेळ लागला.