नुसतं साफ केलं!

गॅरेजात बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते अंगाला चिकटतात. ग्रीस निदान रॉकेलनं निघतं, किस्से कशानंच निघत नाहीत. माझं मोताळ्याच्या स्टँडमागे पत्र्याचं गॅरेज होतं, तेव्हाचे हे. नवं राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. आणि आधीच सांगतो, तुम्हाला हसायचं तर हसा. मला अजून संताप येतो!

भांडण सगळं एका डब्यावरून. त्याला एअर क्लीनर म्हणतात. इंजिन श्वास घेतं ते या डब्यातून. तळाशी एक भांडं, त्यात खुणेपर्यंत तेल. हवेतली धूळ त्या तेलात बसते आणि इंजिनला स्वच्छ हवा मिळते. एवढंच! पण आमच्याकडचे रस्ते म्हणजे नुसता फुफाटा, वरून जिनिंगचा उडता कापूस. भांडं वेळच्या वेळी धुतलं नाही तर गाडी गुदमरणार नाही तर काय होणार?

*

पहिला मान दादाराव पाटलांचा. जमीन भरपूर, स्वतःची जीप, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा माणूस ‘ओ’ देई. त्यांची जीप काळा धूर ओकत आली.

“कारबोरेटर गेला. नवा टाक,” पाटलांनी हुकूम सोडला.

मी आधी एअर क्लीनर उघडला. भांड्यात तेल कसलं, चिखलाची वडी! वर कापसाची गादी. सगळं खरवडलं, रॉकेलनं धुतलं, खुणेपर्यंत ताजं तेल भरलं. गाडीनं एका हाकेत आवाज दिला, धूर गायब.

“बदललं काय तू?” पाटील म्हणाले.

“काहीच नाई.”

“मंग केलं काय?”

“साफ केलं.”

“नुसतं साफ? अबे, हे तर आमची भांडे घासनारी सकू करते!”

आणि हे बाजाराच्या दिवशी! पाटील एवढ्यावर थांबले नाहीत. भर बाजारात सांगत सुटले, “मोताळ्याचा मिस्तरी गाडी दुरुस्त नाई करत, पुसते!” पुढच्या आठवड्यापासून गिऱ्हाईकं माझ्या दारावरून मलकापूरला जायला लागली. बारा वर्षं हात काळे करून कमावलेलं नाव एका वाक्यात गेलं. पाटलांनी स्वतः पुढे अकोल्याला जाऊन चांगला चालणारा कारबोरेटर बदलून आणला आणि गावभर मिरवला!

*

ब्लॉक ऑफिसच्या जीपवर श्रीराम नावाचा ड्रायव्हर होता. तो तेवढा माझं ऐकायचा. त्याला बजावलं, “भांडं तूच धूत जा, पण तेल खुणेपर्यंतच.”

आठ दिवसांनी त्याची जीप पेठेतून अशी गेली की मागचं पुढचं काही दिसेना. पांढरा धूर! मलेरियाचे फवारणीवाले आले समजून बायकांनी घरातली भांडी अंगणात काढली, एकीनं तर पाळण्यातलं पोरही बाहेर आणलं.

मी भांडं उघडून पाहिलं, काठोकाठ तेल! इंजिन हवेबरोबर तेलच पीत होतं.

“खूण दिसली नाई काय बे?”

“दिसली ना! पन कमी कायले टाकू, मिस्तरी? सरकारचं हाये!”

बोल कुणाला लागला? मला! “मिस्तरीनंच शिकवलं त्याले,” म्हणे.

*

अमडापूरचे एक किराणावाले यायचे, जुनी मोटार घेऊन. गाडी चढ चढत नाही ही तक्रार. पाहतो तर एअर क्लीनरच्या तोंडाला जुनं धोतर, सात पदरी, सुतळीनं आवळून बांधलेलं!

“हे काय?”

“पानी गाळून पेतो ना आपन? मंग तिले हवा गाळून नोको काय?”

माझं टाळकं सरकलं. म्हटलं, “शेठ, हेच धोतर स्वतःच्या नाकातोंडाले बांधा अन् स्टँडपर्यंत पळून दाखवा.”

माणूस खरंच बांधून पळाला! परत आला तेव्हा चेहरा लालबुंद, डोळे बाहेर. ओट्यावर बसला, धोतर सोडलं, बराच वेळ भात्यासारखा धापा टाकत राहिला आणि म्हणाला, “पाह्यलं? मले काईच झालं नाई.”

धोतर परत तिथंच बांधून गेला!

*

आता घरचा भेदी. गणपत, माझा भागीदार, डेंटिंग-पेंटिंग करायचा. गिऱ्हाईक तुटतंय म्हणून त्यानं मला न सांगता एका गाडीचं भांडं हिरवंगार रंगवलं आणि सांगितलं, “नवं टाकलं.” मालक खूश! चार लोकांना बोलावून दाखवलं.

मला कळलं तेव्हा पाना फेकून मारायचाच बाकी होता.

“खोटं बोलून नाव कमवू काय, गणपत?”

“अन् खरं बोलून काय कमावलं?”

हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “भाऊजी बरोबरच बोलून राह्यले.” त्या दिवशी मी जेवलो नाही.

*

दसरा झाला आणि बाजाराच्या दिवशी सकाळी पाटलांची जीप आली. स्वतःच्या चाकांवर, पण पुढे पाटलांचीच बैलजोडी! झेंडूचे हार, टपावर आंब्याची पानं, मागे सगळा बाजार. आदल्या दिवशी सोनं द्यायला निघाले होते, राजूर घाटात धूर सोडून बंद पडली, ती रात्रभर तिथंच.

“नवा कारबोरेटर हाये,” पाटील म्हणाले. आवाज मात्र खाली.

मी कुणाचंच न ऐकता एअर क्लीनर उघडला. भांडं बाहेरून आरशासारखं लख्ख. आत निम्म्यापर्यंत पांढरंशुभ्र, रवाळ, थिजलेलं साजूक तूप! घाट चढताना वितळून बाकीचं इंजिननं ओढलं होतं आणि गार झाल्यावर नव्या कारबोरेटरात गोठून बसलं होतं.

भांडे घासणारी सकूबाई बैलांमागेच चालत आली होती. पाटलांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर पळाली असती.

“माह्याकडं काऊन पाहता, मालक? तुमीच बोलले, हे काम सकू करते. मंग केलं म्या! राख अन् चिच लावून घासलं. आत तेल टाकतेत म्हणे. खंडेनवमीले गाडीची पूजा, अन् तेल कसं टाकू? घरचं तूप टाकलं!”

बाजार टाचा उंचावून पाहत होता. गणपत रंगाचा ब्रश घेऊन दारात उभा.

मी हात पुसले. “बोला पाटील, काय करू? बदलू?”

पाटील माझ्या कानाशी आले. “साफ कर.”

“काय?”

“साफ कर म्हनलं.”

मी भांडं खाली ठेवलं आणि बाजाराच्या त्या टोकाकडे बोट केलं. “तिथं ऐकू नाई गेलं, पाटील!”