इस्त्रीवालीचे निखारे

इस्त्रीवाली पहिल्यांदा नजरेत भरली ती भर रस्त्यात, कमरेवर हात ठेवून एका मोटारवाल्याला विचारताना, "साहेब, हॉर्न घरूनच दाबून निघता का?" तिच्या मागून सासूबाई काठी टेकत पलीकडे चालल्या होत्या. वस्ती रस्त्याच्या अलीकडे आणि सार्वजनिक संडास पलीकडे. ही अक्कल ज्याची, त्याच्या घरात दोन तरी संडास असणार, असं तिचं ठाम मत होतं.

रस्ता रुंद झाला तशा गाड्या सुसाट झाल्या. सासूबाईंना एका डोळ्याने दिसत नसे. एकदा रिक्षाने त्यांची काठीच मोडून नेली. तेव्हापासून पलीकडे जावं लागू नये म्हणून त्यांनी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. सुनेला कळलं तेव्हा तिने आधी त्यांनाच धारेवर धरलं.

"मुतखडा झाला तर दवाखानाही पलीकडेच आहे, आत्याबाई."

मग वस्तीतल्या बायका घेऊन ती पालिकेच्या कार्यालयात गेली आणि गतिरोधक मागितला. माणसं आली, गतिरोधक रंगवून गेली. उंचवटा नाहीच, नुसते पांढरे पट्टे.

"लांबून ड्रायव्हरला उंचवटाच वाटतो," साहेब म्हणाले.

"आणि जवळून?"

साहेबांनी मोबाइल काढला.

पहिला दिवसभर गाड्या थबकल्या. मग सगळ्यांना गंमत कळली.

"चित्र काढून गेले मेले," सासूबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा आपल्या दारात संडासाचं काढून घ्यायचं होतंस."

एका संध्याकाळी इस्त्रीवाली काम आवरून इस्त्रीतले निखारे पत्र्याच्या डब्यात काढत होती. पाहते तर सासूबाई रस्त्याच्या मधोमध, आणि समोरून ट्रक. ती हातातल्या डब्यासकट धावली. डबा कलंडला, निखारे रस्त्यावर पसरले, आणि ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. म्हातारीकडे त्याने पाहिलंही नाही.

"टायर जळाला असता की, बाई."

इस्त्रीवालीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती पानाचे डाग पडलेल्या सदऱ्याकडे पाहते. इतके दिवस आपण या लोकांकडे माणसासाठी दया मागत होतो, पण यांचा जीव टायरात आहे, हे तिला तेव्हा समजलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई निघाल्या तसे तिने निखारे मुद्दाम रस्त्यावर ओतले, आणि मग रोजच ओतू लागली. कधी कोणासाठी न थांबणारे शहाणे निमूट थांबले.

कार्यालयाचा माणूस धमकी द्यायला आला. "रस्त्यावर विस्तव टाकणं गुन्हा आहे."

"खरा उंचवटा घाला, मी विस्तव घरात ठेवते."

"त्याला वरून मंजुरी लागते."

"विस्तवाला लागत नाही," ती म्हणाली आणि एका कॉलरवर पाणी शिंपडू लागली.

तो गेला. वर काय कळवलं कोण जाणे, बहुधा काहीच नाही.

त्या संध्याकाळीही तिने निखारे ओतले आणि रस्त्यात रमतगमत चाललेल्या सासूबाईंना हाक दिली, "जरा पाय उचला, आत्याबाई, निखारे विझतायत."

"मग वारा घाल. मी काय गाडी आहे?"

उंचवटा अजून झालेला नाही. दिवसभर सासूबाई सुनेचा हात धरून रस्ता ओलांडतात. संध्याकाळी मात्र त्या एकट्या जातात, आणि परत येईपर्यंत इस्त्रीवाली रिकामा डबा घेऊन रस्त्यात उभी असते.