गोळी विरघळेपर्यंत

बारावीला मला फर्स्ट डिव्हिजन मिळालं त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून निकालाचा कागद छापून घेऊन मी आले, तर तुपाचा वास जिन्यापर्यंत. आईला कुणी तरी आधीच सांगितलं असणार, असं मनाशी म्हणत मी चपला काढल्या. आत गेल्यावर कळलं की शिरा दादासाठी होता. दादाने आठ दिवस नशेची सुई घेतली नव्हती.

नवव्या दिवशी तो परत सुईकडे गेला. त्यानंतर शिऱ्याचा विषय आईने काढला नाही, आणि माझ्या निकालाचाही.

आम्ही शिंदे की छावनीत राहतो; शिंद्यांच्या फौजेचा तळ होता हा. पूर्वज फौजेत होते असं बाबा सांगतात. बाबा स्वतः महाराज बाड्याजवळच्या एका बँकेत गार्ड आहेत, त्यामुळे बंदूक तेवढी घराण्यात टिकली, असं दादा म्हणायचा. दादा मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. लहानपणी तोच मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि फॉर्म भरायला रांगेत उभा राहिला तोही दादाच. तेव्हाही तो सुई घेतच होता. पुढे दुकान सुटलं आणि घरातलं बोलणंही सुटलं. माझ्याशी तो दिवसाला दोन वाक्यं बोलायचा. दार लाव. पाणी दे.

मला हे नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. शिक्षण हिंदीतून झालं, मराठी घरातलीच. पण ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती घरातच घडली, म्हणून ती घरच्या भाषेत लिहिते आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा दादाच्या बोलण्यात एक दीदी यायला लागली. ती मुरारहून स्कूटीवर यायची आणि सुई घेणाऱ्या मुलांना त्यांच्या अड्ड्यांवर जाऊन भेटायची. एका संस्थेचं काम होतं. तिने सांगितलं म्हणून दादा डाव्या हाताच्या सुजेवर मलम लावू लागला. तिने सांगितलं म्हणून जेवायला लागला. आई दोन वर्षं तेच सांगत होती. मीही सांगत होते. एकदा त्याने आईला म्हटलं, "दीदी ओरडत नाही. विचारते फक्त." आई पोळ्या लाटत राहिली. मला मात्र इतका राग आला की मी ताट तसंच टाकून उठले. मला विचारायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिला तर त्याचा पगार मिळत होता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

मग एके दिवशी कूलरच्या स्टँडमागे मला खाकी कागदाचं पाकीट सापडलं. आत नव्या, सीलबंद सुया आणि सिरिंजा, पुसायचे कापसाचे तुकडे, आणि वापरलेल्या सुया परत न्यायला जाड झाकणाची एक डबी. दादाला हे कुणी दिलं असेल ते उघड होतं. माझा भाऊ सुईने मरतोय आणि ही बाई त्याला सुया आणून देते, आणि तरी तिचं नाव तो देवासारखं घेतो.

मी ते पाकीट दप्तरात घातलं, टेम्पोने कॉलेजला गेले आणि मुलींच्या बाथरूममधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. सुई नसेल तर घेणार कशी, एवढाच माझा हिशेब. त्या दिवशी लेक्चरमध्ये मी पहिल्या बाकावर बसले होते. मला फार हलकं वाटत होतं, ते आजही आठवतं.

संध्याकाळी दादाने कूलर सरकवून पाहिलं. मग गादीखाली, मग माझ्या पुस्तकांमागे. मला काही विचारलं नाही. चप्पल घालून निघून गेला.

आठ-दहा दिवसांनी दीदी पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली. मला वाटलं होतं ती चांगली उंच, छाप पडेल अशी असेल. ती माझ्याहून बुटकी होती, घामेजलेली, आणि तिने आधी पाणी मागितलं. दादा घरात नव्हता. ती आईशी फार सावकाश बोलली. त्याचं पाकीट हरवलं, तो म्हणतो, म्हणून त्याने दुसऱ्या कुणाची तरी वापरलेली सुई घेतली. त्या दुसऱ्या माणसाला आजार आहे. त्याने स्वतःच ते दीदीला सांगितलं आणि दादाला कळवायलाही परवानगी दिली. आता दादाची एचआयव्हीची तपासणी करायला हवी, आणि लगेच सगळं दिसत नाही म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा एकदा.

आई म्हणाली, "सुई तर तुम्हीच देता ना?"

"इसीलिए देते हैं, आंटी," दीदी म्हणाली. "नई होगी तो किसी और की नहीं लेगा. लेना छूटे तब तक ज़िंदा तो रहे. पैकेट होता तो ये नौबत नहीं आती."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं, "चीनी कम है क्या?"

पहिली तपासणी ठीक आली. पण पहिलीला फारसा अर्थ नव्हता, हे मला कॉलेजच्या लायब्ररीत बसून कळलं होतं. दादा घाबरला होता, आणि त्या भीतीत दीदीने त्याला सरकारी रुग्णालयात औषधासाठी तयार केलं. सुईऐवजी रोज सकाळी एक गोळी. नर्स ती कुटून जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत तिच्यासमोर बसायचं. तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचं नाही. मग ती तोंड तपासते आणि सोडते.

ते तीन महिने मी कसे काढले ते कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी तो निघाला की मी उरलेले दिवस मोजायचे. आणि खरं सांगायचं तर, आत दुसरंही काही जळत असायचं. आई त्याच्यासाठी नाश्ता झाकून ठेवायची. बाबा ड्यूटीवरून फोन करून विचारायचे, गोळी झाली का. माझी परीक्षा चालू होती. एका सकाळी माझ्या हातून भांडं पडलं तर आई म्हणाली, "हळू गं, त्याची आत्ता आंख लागलीये." भाऊ माझ्यामुळे मरेल की काय या भीतीने मी रात्र काढली होती, आणि तरी मनात आलं की मीही आजारी पडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी मी कॉलेज बुडवून त्याच्याबरोबर गेले. दादा म्हणाला, "चला मास्तरीणबाई, आज आमची हजेरी घ्या." बऱ्याच दिवसांनी चिडवलं त्याने मला.

रिपोर्टची खोली समोरच होती आणि दीदी तिच्या दाराशी उभी होती. पण आधी गोळी. नर्सने गोळी ठेवली आणि बजावलं, घुलने तक उठना नहीं. दादा बाकावर बसला, ओळीत आणखी पाच-सहा जण, सगळे ओठ मिटून, कुणी भिंतीकडे बघत, कुणी मोबाइलमध्ये. मी त्याच्या शेजारी बसले. माझ्या लक्षात आलं की आत्ता तो उत्तर देऊ शकत नाही. ओरडू शकत नाही आणि उठून जाऊही शकत नाही.

"दादा, ते पाकीट हरवलं नव्हतं," मी म्हटलं. "मी टाकलं. मला वाटलं सुई नसेल तर तू सोडशील." मग थोडं थांबून, कारण तेवढंच सांगणं खोटं झालं असतं, मी म्हटलं, "आणि तिने दिलेलं होतं म्हणून टाकलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्याने माझ्या मांडीवरची वही ओढली, खुणेने पेन मागितलं आणि लिहिलं. आठवीनंतर त्याने फारसं काही लिहिलं नसेल; अक्षर शाळेतल्यासारखंच मोठं, तिरकं होतं.

मला त्याच दिवशी कळलं होतं. दीदीला हरवलं म्हणून सांगितलं.

मी ते दोनदा वाचलं. मला रडू यायला हवं होतं आणि ते आलंही, पण त्याच्या आधी काय आलं ते लिहिलं नाही तर एवढं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला आनंद झाला. सगळं सांगायचा तो दीदीला, आणि हे एक सांगितलं नव्हतं. समोरच्या खोलीत त्याचा रिपोर्ट पडला होता, तो काय असेल माहीत नव्हतं, आणि मी या गोष्टीने खूश होत होते.

नर्सने तोंड तपासलं. त्याला आत बोलावलं. बरोबर कुणाला घ्यायचं का, असं विचारल्यावर त्याने मान हलवली आणि एकटाच गेला. दार बंद झालं. दीदी आणि मी दोघी बाहेर राहिलो. तिची नजर दारावरून हटत नव्हती. ते मला बघायचं नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा दाराजवळ ती होती, म्हणून आधी तिलाच म्हणाला, "ठीक है, दीदी. कुछ नहीं निकला." ती तिथेच खाली बसली, फरशीवर. मग तो माझ्याकडे आला. त्या चार पावलांपुरताही मला राग आला.

"वहीतलं ते पान फाड," तो म्हणाला. "आईच्या हाती लागायला नको."

मी हो म्हटलं.

आता तो स्वतःच दीदीच्या संस्थेसाठी तीच पाकिटं घेऊन छावनीत फिरतो. गोळी चालू आहे. संध्याकाळी त्याची माणसं दाराशी येऊन भैया आहेत का विचारतात, आणि मी आत जाऊन त्याला हाक मारते. दर वेळी आनंदाने मारते असं नाही. पाकिटं माझ्या पुस्तकांच्या फळीवर असतात. परवा त्याने जाताना विचारलं, मोजून ठेवू का. मी म्हटलं, गरज नाही.

पान मी अजून फाडलेलं नाही.