मामांनी मोठ्यानं वाचायचं पत्र

इंदूमामी नसती, तर नव्याण्णव सालच्या त्या सकाळी पिंपळगाव बसवंतच्या फाट्यावर मी अमेरिकेला निघालेला, पासपोर्ट घेऊन उभा नसतो. मुंबईला जाणाऱ्या जीपमध्ये बॅगा चढत होत्या. नांदगावाकडच्या आमच्या वाडीवरून आई-वडील आले होते, चुलते आले होते. बोलत होते ते चुलतेच.

"तिकडं म्हणे पाण्याऐवजी तेच पितात. दिन्या काय कोरडा परत येतो का!"

"नाय शिवायचा तो," मामी म्हणाली. "मी लिहून देते."

"लिहून? वहिनी, तुम्हाला सही तरी येती का?"

"अंगठा देते. चालंल?"

सगळे हसले. मामा मात्र जीपच्या टपावरची दोरी आवळत राहिले. पिण्याचा टोमणा त्यांनाही लागू होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या वाडीत सातवीपुढे शाळा नव्हती. मामीनं मला पिंपळगावात आपल्याकडे ठेवून घेतलं. ती पॅकहाउसमध्ये दिवसभर उभी राहून द्राक्षं निवडायची. मामा टेम्पो चालवायचे आणि बहुतेक संध्याकाळी पिऊन यायचे. मग मामी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात पाठ टेकून बसायची. आरडाओरडा तिच्यापर्यंत यायचा, माझ्यापर्यंत येऊ द्यायची नाही. दहावी, बारावी मी तिच्या पाठीमागे बसून केली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण परीक्षेला दोघं बसलो होतो असंच मला वाटतं.

ओहायोत पहिला ग्लास भिडेखातर घेतला. ऑफिसमधले सगळे शुक्रवारी जायचे, एकट्यानं संत्र्याचा रस मागायची लाज वाटायची. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यातल्या एकटेपणानं घेतला. पुढे कारण लागेना. मी दारुडा झालो नाही, पण बुधवारपासून शुक्रवारची वाट बघू लागलो.

रविवारी कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावायचो. मामी विचारायची, "जेवतो ना येळंवर? आन् बाकी?" त्या 'बाकी'चा अर्थ मला कळायचा. मी म्हणायचो, "बाकी काही नाही, मामी." एकदा खोटं बोललो की दर रविवारी तेच पुन्हा बोलावं लागतं.

एका रविवारी फोन मामांनी घेतला. ते सहसा घेत नसत.

"दिन्या, आठ महिने झाले. थेंब नाय घेतला."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुही मामी रोज तुहं नाव घेती. पोरगं अमेरिकेत राहून शिवत नाय, तुम्हाला पिंपळगावात काय झालं म्हणती. मंग म्हणलं, आपल्याला का नाय जमणार?"

"लय भारी, मामा," मी म्हणालो. माझ्या फ्रीजमध्ये तेव्हा सहा बाटल्या होत्या.

आता खरं सांगितलं, तर मामा पुन्हा गुत्त्याची वाट धरतील अशी भीती वाटली. दोन वर्षं तीच भीती पुढे करून मी गप्प राहिलो.

मग ग्रेगची बिअर आली. ग्रेग माझ्याबरोबर काम करायचा आणि हौसेनं घरी बिअर करायचा. एका उन्हाळ्यात त्यानं परसात सगळ्यांना बोलावलं. गव्हाची बिअर, संत्र्याची साल घातलेली. ग्लासात पिवळसर, गढूळ दिसत होती. पहिल्या घोटाला संत्रं लागलं आणि मागून एक ओळखीची चव आली.

"यात धने आहेत?"

"ओळखलंस!" ग्रेग खूश झाला. "भरडून घातलेत."

मी त्याला सांगितलं, आमच्याकडे उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली की मामी हेच देते. धने रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी.

"त्यानं चढते?"

"नाही. जळजळ थांबते."

त्यानं आपल्या ग्लासाकडे जरा संशयानंच पाहिलं.

चव मला मनापासून आवडली होती. पण दोन घोटांनंतर ग्लास तसाच राहिला. कोणी अडवलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं. मग ध्यानात आलं, घरच्या बाटल्याही महिनोन्‌महिने तशाच पडून आहेत. लग्न ठरलं होतं, हाताखाली माणसं आली होती, शुक्रवार आता इतर वारांसारखाच येत होता. पिण्यातला रस माझ्या नकळत आटला होता.

घरी जाताना पहिला विचार आला तो सुटल्याचा. आता माझं बोलणं आपोआप खरं झालं, काही सांगायलाच नको. दुसरा विचार आला आणि मी गाडी बाजूला घेतली. माझी आपसूक सुटली. मामांनी सोडली होती, रोज, गुत्त्यावरून टेम्पो पुढे नेत. आणि त्याचं श्रेय घरात माझ्या नावावर होतं.

मामीला फोनपेक्षा पत्र आवडायचं. ती मामांकडून ते वाचून घ्यायची, पुन्हा पुन्हा. म्हणजे तिला लिहायचं तर ते मामांच्याच तोंडून तिच्यापर्यंत जाणार. सात कागद फाडून मी हे पाठवलं:

"ती. सौ. मामीस शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, वाचता वाचता थांबू नका, काही गाळू नका.

मामी, मी इथं पीत होतो. सहा वर्षं. तू विचारायचीस तेव्हा खोटं सांगितलं. आता घेत नाही, पण त्यात माझी काही बहादुरी नाही, मन उडालं इतकंच. फाट्यावर सगळ्यांसमोर तू माझ्यासाठी शब्द दिलास, तो मी पाळला नाही. तरी शिकलो, उभा राहिलो, ते सगळं तुझंच आहे.

दिवाळीला येतोय. इथं माझं स्वतःचं घर आहे, पण रागावून आत घेणारं कोणी असेल तर ते तिथंच. लग्नाआधी तुझ्यासमोर खरा होऊन बसायचंय. बोलायचं तेवढं बोल.

मामा, आता शेवटची ओळ. ती मी तुमच्यासाठी लिहिलीय, पण मोठ्यानं वाचा, मामीला नीट ऐकू जाऊ द्या:

दिन्या तिकडं पीत होता, आणि तरी मी इथं सोडली."