बेव्ह मावशीनं शेवटचा उचलला

माझी मावशी बेव्हर्ली एन्टविसल गेली एकतीस वर्षं उत्तर इंग्लंडातल्या आमच्या चोर्ली गावच्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासते. त्यातली नऊ वर्षं ती ग्रासा नावाच्या बाईशी फोनवर भांडते आहे. कंपनीचा दुसरा कारखाना पोर्तुगालमध्ये आहे आणि ग्रासा तिथली तपासनीस. इथला माल तिकडे जातो, तिथला इकडे येतो, आणि दोघी एकमेकींच्या मालात खोट काढतात. मावशीचा फोनवरचा आवाज ऐकण्यासारखा असतो. आधी साखरेत घोळलेलं "हॅलो राणी, बरी आहेस ना?" मग एक श्वास. मग, "तुझा काठ वाकडा आहे." पलीकडून ग्रासा पार घशातून बोलते, "माझा काठ सरळ आहे, बेव्हर्ली. तुझी मान वाकडी आहे."

मावशीच्या मनात एकच होतं. तो काठ एकदा त्या बाईच्या नाकासमोर धरायचा आणि हेच तिला तोंडावर सांगायचं. पण तिकडे जायचे ते साहेब लोक. मावशीला कुणी विचारलंच नाही, आणि विचारा म्हणून सांगणाऱ्यातली ती नव्हे.

मागचे साहेब जाताना विमानतळावरून चौकडीच्या डब्यातली बिस्किटं घेऊन गेले होते. ग्रासानं फोनवर कळवलं, "डबा छान आहे. आम्ही त्यात सुया ठेवतो. बिस्किटं कबुतरांना घातली, कबुतरं विचारात पडली." मावशीला ते झोंबलं. ती बिस्किटं स्कॉटलंडची, आमची नव्हेतच, पण हे परक्या बाईनं का बोलावं?

यंदा मार्चमध्ये नवे साहेब आले, पेलहॅम. दक्षिणेकडचे. बोलताना ओठ हलत नाहीत, सगळा कारभार नाकातून. त्यांनी चहाच्या खोलीत कागद चिकटवला. पोर्तुगालच्या सहकाऱ्यांसाठी अस्सल ब्रिटिश खाऊ न्यायचा आहे, तरी बुधवारी ज्याला वाटेल त्यानं घरचं काही करून आणावं. दहाच्या चहाला ज्याची थाळी आधी रिकामी होईल, त्याचा पदार्थ जाईल आणि तो करणाराही पाच दिवस सोबत जाईल.

मावशीनं कागद दोनदा वाचला आणि घरी येऊन बेदाणे भिजत घातले.

पॅकिंगच्या लोरेन स्कोलफिल्डनंही वाचला होता. लोरेन एक्लसची, म्हणजे इथून पंधरा-वीस मैलांवरची, आणि ती इथे कामाला लागली त्याला वीस वर्षं झाली तरी आमच्याकडे तिला बाहेरचीच समजतात. एक्लसचा केक पापुद्र्यांचा, वर साखर पेरलेली. चोर्लीचा सपाट, साखर नाही, वर लोणी फासायचं आणि बाजूला चीजचा तुकडा. बेदाणे दोन्हीत. तिऱ्हाइताला दोन्ही एकच वाटतात. वाटू देत, त्यानं आमच्यात ते बोलून दाखवू नये म्हणजे झालं.

बुधवारी दोघींच्या थाळ्या शेजारी शेजारी लागल्या.

"अगंबाई, चोर्ली केक!" लोरेन हात छातीशी धरून म्हणाली. "किती साधे गं! मला मेलीला इतकं साधं जमतच नाही."

"आणि तुझे बघ किती चकचकीत," मावशी म्हणाली. "भरपूर साखर टाकली की खालचं काही दिसत नाही. हुशार आहेस."

"भट्टी जरा जास्त तापली का गं तुझी?"

"नाही बाई. तुझा चष्मा आणलास का?"

तिसरी थाळी माल उचलणाऱ्या गाडीवरच्या कीथची. डुकराच्या चामडीचे तळलेले तुकडे. "ज्यांचे दात स्वतःचे आहेत त्यांनीच यावं," असं तो ओरडत होता.

खोलीत चोवीस माणसं, प्रत्येक थाळीत चोवीस नग. सहा मिनिटांत प्रत्येक थाळीतले तेवीस संपले. आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

कारण शेवटचा नग आमच्यात कुणी उचलत नाही. तो वाळेल, संध्याकाळी कचऱ्यात जाईल, पण उचलणारा हावरट ठरतो आणि ते नाव तो निवृत्त होईपर्यंत त्याला चिकटून राहतं. पेलहॅमसाहेब दक्षिणेचे असले तरी याच देशातले, त्यांना हे कळायला हवं होतं. पण कागद लिहिताना साहेबाला आपण माणूस आहोत याचा विसर पडतो.

"संपवा की कुणीतरी," साहेब नाकातून म्हणाले.

"तुम्हीच घ्या ना, साहेब."

साहेबांचा हात पुढे आला, थाळीपर्यंत पोचला, आणि वळून टायची गाठ चाचपू लागला. "नाही, नाही. मी काय, आत्ताच…"

"लोरेन, तू घे गं," मावशी म्हणाली.

"छे, तू घे. तू किती कमी खाल्लंस."

"अगं, तुला आवडतात ना."

"तुझे? हो, आवडतात की." लोरेननं हे असं म्हटलं की कीथनं आपल्या चहात बघायला सुरुवात केली.

चहाच्या सुट्टीची चार मिनिटं उरली. मग लोरेनच्या थाळीकडे रंगखात्यातला एक जण गेला, सुरी घेतली आणि शेवटच्या केकचा अर्धा भाग कापून घेतला. अर्धा चालतो, अर्ध्याला कुणी नाव ठेवत नाही. लगेच दुसरीनं त्या अर्ध्याचा अर्धा घेतला. मग त्या चतकोराचा अर्धा. असं करत करत थाळीत साखरेचा एक पापुद्रा उरला, नखाएवढा. फुंकर मारली असती तर उडाला असता.

साहेब वाकून बघू लागले. "याला रिकामी म्हणता येईल का?"

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब," लोरेन म्हणाली. ती आता हसत होती. खरं हसत होती.

मावशीच्या थाळीत एक अख्खा केक बसला होता. सुरी घेऊन कुणी तिकडे वळलं नाही. आपल्या गावचा केक, आपली बाई, आणि एकाचाही हात पुढे होईना!

मावशीनं कप खाली ठेवला. हात पुढे केला. केक उचलला आणि अख्खाच्या अख्खा, लोण्याशिवाय, उभ्यानं खायला लागली. चोर्ली केक कोरडा चावायला वेळ लागतो. कीथ शपथेवर सांगतो की दीड मिनिट लागलं, आणि तेवढ्या वेळात मावशीनं लोरेनवरची नजर हलवली नाही. शेवटी तिनं बोट ओलं करून थाळीतले कणसुद्धा टिपले आणि थाळी उलटी करून साहेबांना दाखवली.

"अरे देवा," कीथ म्हणाला.

"भूक लागली होती वाटतं, बेव्ह?" लोरेननं विचारलं.

"नाही गं," मावशी म्हणाली. "सकाळी पोटभर खाऊन आले होते."

भूक लागली म्हणाली असती तर लोकांनी कदाचित पोटात घातलं असतं. त्या दिवसापासून लोरेन तिच्याशी बोलत नाही आणि रंगखातं तिला पाहिलं की आपापले डबे झाकतं.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी मावशी चार डझन केक घेऊन पोर्तुगालच्या कारखान्यात उभी राहिली. फोनवर थोराड वाटणारी ग्रासा निघाली मावशीच्या खांद्याएवढी. तिनं केक हुंगला, चावला, चावत राहिली.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

"तोंडातलं पाणी शोषलं ना त्यानं?" मावशी म्हणाली. "तुझ्या टॉवेलला तेवढंही जमत नाही."

ग्रासानं उरलेला केक खाली ठेवला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "चल आत."

पेलहॅमसाहेब दारातच राहिले. आत दोघींनी मेज रिकामं केलं. मावशीनं पिशवीतून ग्रासानं पास केलेला एक टॉवेल काढला, दोन वर्षं जपून ठेवलेला. ग्रासानं लोखंडी पट्टी आणली, काठाला लावली, आणि दोघी वाकून धागे मोजू लागल्या. काठ वाकडा होता. दोन धाग्यांनी.

"दोन!" मावशी एवढ्यानं ओरडली की शेजारचे मागवाले थांबले. "दोन! तुझ्या तोंडावर सांगते, दोन!"

ग्रासानं तो टॉवेल घडी करून बाजूला ठेवला. तिनं खण उघडला. आत मावशीनं पास केलेला, मावशीच्या सहीची चिठ्ठी लावलेला चोर्लीचा टॉवेल होता. तोही जपून ठेवलेला. पट्टी लागली.

तीन.

हे मावशीनं कारखान्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही.