नवाच्या ताळ्याला न दिसलेले पंचेचाळीस टन

काट्याच्या वहीत पंचेचाळीस हजार किलो ऊस जास्त निघाला होता, आणि संध्याकाळी पाच वाजता रहीमभाईंच्या हातात निलंबनाचं पत्र पडणार होतं.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात १९७२ साली मी ऑफिसचं वजन-रजिस्टर सांभाळत होतो. रहीमभाई वजनकाट्यावर. गाडीमागून गाडी ते वहीत चढती बेरीज लिहीत. ऑफिस मात्र वजनाच्या चिठ्ठ्यांवरून रोजची वेगळी बेरीज करी; ती चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरच्या कागदी पट्टीवर लिहून मग रजिस्टरमध्ये उतरवली जाई. जानेवारीअखेर त्यांचा महिन्याचा आकडा आला ४,८३,२१,२७५ किलो. आमचा ४,८२,७६,२७५.

"न आलेल्या गाड्या चढवल्यात यानं," आमचे सुपरिंटेंडंट देवकरसाहेब म्हणाले. "आपल्या प्रत्येक आकड्याला नवाचा ताळा लावलाय."

नवाचा ताळा म्हणजे आकड्यातले अंक मिळवत जायचं, एकच अंक उरेपर्यंत. मूळ आकडा आणि नक्कल यांचा तोच अंक आला की नक्कल बरोबर धरायची.

रहीमभाई दाराशीच उभे होते. "साहेब, लई वर्सं काट्यावर हाय. गाडीतली बैलाची वैरन बी मी वजनात धरत न्हाई. खोट्या गाड्या कशाला चढवू?"

मी दोन्ही मोठ्या आकड्यांना ताळा लावला. दोन्हीकडे पाच. म्हणजे फरक नऊने भागला जाणारा. खोट्या गाड्यांचं वजन नवाच्या पाढ्यात बसेलच असं नाही. शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर मात्र फरक नेहमीच बसतो. बहात्तरच्या जागी सत्तावीस लिहिले, फरक पंचेचाळीस. अंक तेच, म्हणून ताळाही जुळतो. आमच्या तपासणीला नेमकी हीच चूक दिसत नव्हती.

फरक पंचेचाळीस हजार. म्हणजे उलटापालट हजार आणि दहा हजारांच्या घरांत, आणि त्या दोन अंकांत पाचाचं अंतर. रजिस्टरच्या एकतीस ओळींत अशा तीनच सापडल्या: पाच, तेरा आणि बावीस तारखेच्या. पण चिठ्ठ्यांचे गठ्ठे ऑडिटरकडे नगरला गेले होते.

"साहेब, एक ट्रंक कॉल लावू द्या."

"तीन मिनिटांत एकतीस गठ्ठे विचारणार?"

"तीनच विचारायचेत."

लाइन लागली तेव्हा साडेचार झाले होते. पाच तारखेचा गठ्ठा बरोबर. तेराचाही. बाविसाच्या गठ्ठ्यावरच्या पट्टीवर १६,७२,४८०. रजिस्टरमध्ये १६,२७,४८०.

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. "अक्षर कुणाचं हे?"

"माझं."

रहीमभाईच पुढे होऊन म्हणाले, "आता ते पत्र यान्ला नका देऊ साहेब. मानूस हाय, चुकतं."

साहेबांनी टाइप केलेलं पत्र फाडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी अकराचा ताळाही सुरू केला. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. शेजारचे वेगळे अंक उलटले की तो लगेच बिघडतो. तपासणीच्या सूचनांची नवी यादी भिंतीवर लावली. तिच्यात पहिली ओळ अशी: आकडा ज्याने लिहिला, ताळा त्याने लावायचा नाही.